कृष्णगिरीची दोन नावे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहायला मुंबईकर वर्षानुवर्षे सहलीने जातात. कान्हेरी हे 'कृष्णगिरी' या नावाचे प्राकृतातून घासून आलेले रूप आहे. काळ्या पाषाणाचा डोंगर तो कृष्णगिरी. तेथून हजारो कोस दूर, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, २००६ साली सर्बियापासून विभक्त झालेला एक चिमुकला देश आहे. जग त्याला माँटेनेग्रो म्हणते. तेथील माणूस मात्र आपल्या देशाला 'त्सृना गोरा' म्हणतो. त्सृना म्हणजे काळी आणि गोरा म्हणजे पर्वत. (मराठी कानाला हे काळे-गोरे एकत्र ऐकून हसू येईल, त्याला इलाज नाही.) भाषाशास्त्राच्या कसोटीवर 'त्सृन' हा आपल्या 'कृष्ण' शब्दाचा आणि 'गोरा' हा 'गिरी'चा भाऊबंद ठरतो. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून पाहिले, तर तो अख्खा देशच कृष्णगिरी आहे.

हा योगायोग नव्हे. सर्बियन कुटुंबाच्या उंबरठ्याआत पाऊल टाकले की नात्यांची ओळख पटू लागते. भाऊ तो 'ब्रात', सासरा तो 'स्वेकर', सासू ती 'स्वेकृवा', दीर तो 'देवेर', विधवा ती 'उदोवित्सा'. संस्कृतातील भ्रातृ, श्वशुर, श्वश्रू, देवर, विधवा हे शब्द शेजारी मांडून पाहावेत. सून म्हणजे 'स्नाहा'. संस्कृतात ती स्नुषा, प्राकृतात सुण्हा आणि आपल्या घरात सून. इंग्रजीने ही सारी नाती 'इन-लॉ' या एकाच शब्दाच्या दावणीला बांधून टाकली. सर्बियन माणसाने मात्र प्रत्येक नात्याचे नाव जपले. मध म्हणजे 'मेद', धूर म्हणजे 'दिम', आकाश म्हणजे 'नेबो', हिवाळा म्हणजे 'झिमा', शंभर म्हणजे 'स्तो'. मधु, धूम, नभस्, हिम, शत यांची ही दूरची भावंडे होत.

व्याकरणातही हेच दिसते. सर्बियन नाम आजही सात विभक्तींत चालते. संबोधन तिच्यात जिवंत आहे, तृतीया आहे, सप्तमी आहे. पंचमी तेवढी षष्ठीत मिसळून गेली. तिन्ही लिंगे शाबूत आहेत. आणखी एक गोष्ट आपण अंतर्मुख होऊन पाहावी अशी आहे. 'ऋ' हा स्वर आहे असे आपण मुलांना शिकवतो आणि उच्चार मात्र 'रु' असा करतो. सर्बियन माणूस आपल्या देशाचे नाव 'सृबिया' असे उच्चारतो, तेव्हा त्या पहिल्या अक्षरात 'र' हाच स्वर असतो. तो स्वर त्याच्याकडे अखंड परंपरेने आलेला नाही, मधल्या काळात लोपून नव्याने घडलेला आहे, हे खरे. तरीही जो उच्चार आपल्याकडे नीट शिकलेल्या पाठशाळांपुरता उरला, तो तेथील भाजीवाल्याच्या तोंडी आहे.

येथवर वाचून अनेकांची छाती अभिमानाने फुगेल आणि पुढचे वाक्य ओठांवर येईल : सर्बियन ही संस्कृतची कन्या आहे. आपल्या सभा-संमेलनांतून अशी वाक्ये टाळ्या घेतात. परंतु ज्यांना संस्कृतविषयी खरी आस्था आहे, त्यांनीच ती प्रथम थांबवली पाहिजेत. नाते आहे, पण ते भगिनीचे आहे. जननीचे नव्हे.

याला प्रमाण ध्वनींच्या नियमांचे आहे. नभस् आणि नेबो, दश आणि देसेत यांत संस्कृतात जेथे केवळ 'अ' आहे, तेथे सर्बियनमध्ये ए आणि ओ असे वेगवेगळे स्वर आहेत. लॅटिन आणि ग्रीकमध्येही हा भेद आढळतो. एका 'अ'मधून कोठे ए निघाला आणि कोठे ओ, याचा नियम कोणी सांगू शकत नाही. उलट मुळातले ए आणि ओ संस्कृतात 'अ' झाले असे धरले, की संस्कृतातीलच 'क' आणि 'च' यांच्या अदलाबदलीचा उलगडा होतो. हा नियम १८७० नंतरच्या दशकात युरोपीय पंडितांनी शोधला. सर्वांत ठळक साम्य नेहमीच सर्वांत जुने असते असेही नाही. सर्बियन भाषेत दुकानाला 'दुचान' म्हणतात आणि शत्रूला 'दुश्मानिन'. कान किती चटकन फसतात! हे शब्द तेथे चार शतकांच्या तुर्की सत्तेबरोबर आले, तर आपल्याकडे फारसी दरबाराबरोबर. ज्या दरबारी शब्दांना पर्याय म्हणून शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवला, त्यांचेच हे सोबती. तेव्हा कोणते साम्य रक्ताचे आणि कोणते जेत्याच्या लष्कराबरोबर आलेले, हे ओळखायला केवळ अभिमान पुरत नाही, शास्त्र लागते.

भाषेच्या नात्यावरून वंशाचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी आपल्या देशाचे पुष्कळ नुकसान केले आहे. 'आर्य वंश' ही कल्पना त्यातूनच रुजली आणि पुढे युरोपात तिने काय अनर्थ केला हे जग जाणते. भाषेवरून रक्त ठरवणे हे पाप आहे, असे मॅक्समुल्लरनेच १८८८ साली बजावले होते. मूलस्थानाचा वाद आज पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र यांच्या अंगणात गेला आहे. तेथे तो पुराव्यानिशीच लढवावा लागेल. सर्ब आणि क्रोएट यांची भाषा जवळजवळ एक असूनही १९९० च्या दशकात त्यांच्यात रक्त सांडले, हेही विसरता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. या साऱ्या विद्येचा पाया कोणी घातला? १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याचा उच्चार केला. १८१६ मध्ये जर्मनीच्या फ्रान्झ बॉपने क्रियापदांची तुलना सिद्ध केली आणि १८३३ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्याच्या तौलनिक व्याकरणात जुन्या स्लाव भाषेलाही संस्कृतशेजारी बसवले. आपल्याकडे डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत विल्सन व्याख्याने देऊन या शास्त्राचा पाट महाराष्ट्रात आणला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. त्या चिकाटीला दंडवतच घातला पाहिजे. पण स्लाव भाषा आणि संस्कृत दोन्ही जाणणारा मराठी अभ्यासक शोधायला निघालो, तर किती सापडतील?

दहावीला संस्कृत घेणारे विद्यार्थी महाराष्ट्रात विपुल आहेत. संयुक्त घ्यावे की संपूर्ण, याची घराघरांत चर्चा होते आणि ती चर्चा गुणांची असते. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवून देणारी ही भाषा अकरावीच्या प्रवेशाबरोबर बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जाते. पालकांना दोष देऊन काय साधणार? आपण ही भाषा त्यांच्यापुढे पाठांतराची म्हणूनच ठेवली आहे. रमा शब्दाचे 'रमासु' आणि हरि शब्दाचे 'हरिषु', येथे 'स' आणि तेथे 'ष' का, हे पाणिनीने आठव्या अध्यायात सांगून ठेवले आहे : इ, उ, ऋ, क-वर्ग यांच्या पुढे प्रत्ययाचा 'स' मूर्धन्य होतो. त्याच स्थानी स्लाव भाषांत त्या 'स'चा 'ह' झाला. म्हणून शुष्कचा भाऊ 'सुह' आणि स्नुषेची बहीण 'स्नाहा'. पाणिनीला बेलग्रेडचे नावही ठाऊक नव्हते, पण त्याने आपल्या भाषेपुरते टिपलेले निरीक्षण डॅन्यूबच्या काठी पडताळून पाहता येते. हे ऐकले की पंधरा वर्षांचा मुलगा कान टवकारतो.

पाठ्यपुस्तक मंडळाला यासाठी नवा विषय काढावा लागणार नाही, की रामटेकच्या संस्कृत विश्वविद्यालयाला नवी इमारत बांधावी लागणार नाही. शब्दरूपांच्या कोष्टकांमागे एक पाठ जोडावा : एका बाजूला स्नुषा, देवर, श्वशुर, मधे सून, दीर, सासरा, दुसऱ्या बाजूला स्नाहा, देवेर, स्वेकर. त्याला एक पान पुरेल.