लाइन क्लिअर नसताना सुटलेली विधेयके



राज्यसभेत आज कोणते विधेयक घ्यायचे, त्याला किती तास द्यायचे आणि कोणते पुढच्या अधिवेशनावर ढकलायचे, ही दिल्लीतली कारकुनी बाब आहे, आपल्याला तिच्याशी काय करायचे, असे म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. आम्हाला हे मान्य नाही. टाइमटेबल कोणाच्या हातात आहे यावर कोणती गाडी मेन लाइनवरून धडधडत जाणार आणि कोणती लूपवर उभी राहणार हे ठरते, हे रेल्वे कामगाराला कोणी शिकवायला नको. कायद्याचेही तसेच आहे. आपल्या नोकरीचे, संपाच्या हक्काचे आणि आपण वाहतो त्या टपालाचे कायदे अलीकडे ज्या घाईने मंजूर झाले, ती घाई म्हणजे वेळापत्रकाचा अपघात नव्हता.

हे लिहिणारे आम्ही जयपूरच्या गोपालपुरा भागात राहतो. इथल्या बायपासवर स्पर्धा परीक्षांच्या क्लासांच्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. रेल्वेत, टपालात, जिथे जागा निघेल तिथे चिकटण्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली पोरे इथे एकेका खोलीत चौघे-चौघे राहून पाठांतर करतात. राज्यसभा कधी विसर्जित होते? कधीच नाही, ते स्थायी सभागृह आहे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. उत्तर बरोबर, गुण मिळाले. पण या स्थायीपणाचा एक अर्थ क्लासच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत नसतो. लोकसभा विसर्जित झाली तरी राज्यसभेत मांडलेले आणि तिथेच पडून असलेले विधेयक मरत नाही. ते नुसते पडून राहते. याच राजस्थानचे उदाहरण घ्या. इथे विधान परिषद हवी असा ठराव विधानसभेने २०१२ मध्ये केला. त्यासाठीचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. राजस्थानला विधान परिषद अजून मिळालेली नाही. ती मिळावी की नाही यावर आमच्यातच दोन मते आहेत (महाराष्ट्रातली परिषद पाहिलेल्यांचे मत जरा कडवट आहे, ते असो). मुद्दा इतकाच की ज्याची सरकारला निकड नाही ते वर्षानुवर्षे उभे राहू शकते.

आता टपालाकडे या. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घेतले. लोकांची पत्रे अडवण्याचे आणि उघडण्याचे सरकारचे अधिकार त्यात वाढवले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. पुढे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी १९९० मध्ये ते पुनर्विचारासाठी राज्यसभेकडे परत पाठवले. पुनर्विचार होऊन ते पुन्हा मंजूर झाले काय? नाही. ते तिथेच राहिले आणि २००२ मध्ये मागे घेण्यात आले. त्या अवधीत किती सरकारे आली नि गेली, याची गणती वाचकांनीच करावी.

ज्या गोष्टीपाशी एक राष्ट्रपती अडले आणि दुसऱ्यांनी विधेयक परत पाठवले, तीच गोष्ट २०२३ मध्ये कशी पार पडली ते पाहा. १० ऑगस्ट २०२३ रोजी टपाल कार्यालय विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ४ डिसेंबरला, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, राज्यसभेने ते मंजूर केले. १८ डिसेंबरला लोकसभेने आवाजी मतदानाने मंजूर केले. त्या एका दिवसात दोन्ही सभागृहांतले मिळून ७८ खासदार निलंबित झाले होते, ३३ लोकसभेचे आणि ४५ राज्यसभेचे. नाताळच्या आदल्या दिवशी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. १८९८ चा कायदा गेला. पत्रे वाहून नेण्याचा सरकारी टपालाचा एकाधिकार गेला. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी अशा कारणांसाठी टपाल अडवण्याची तरतूद मात्र आली, आणि तिची कार्यपद्धती नियमांवर सोपवली गेली. संसदीय समितीपुढे टपाल संघटनांना आपले म्हणणे मांडता आले असते, सॉर्टिंगच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या माणसाची साक्ष झाली असती. पण विधेयक समितीकडे गेलेच नाही. सव्वाशे वर्षांचा कायदा बदलायचा आणि ज्यांच्या हातून टपाल जाते त्यांना विचारायलाही वेळ नाही, हा कुठला न्याय?

२०२० चा सप्टेंबर तर विसरता येणार नाही. कोरोनाचे अधिवेशन. प्रश्नोत्तराचा तास रद्द, शून्य प्रहर अर्ध्यावर, सदस्यांची अशासकीय विधेयके बाद. शेती विधेयकांवरून गोंधळ झाला आणि २१ तारखेला राज्यसभेचे आठ सदस्य निलंबित झाले. विरोधकांनी बहिष्कार घातला. २२ तारखेला राज्यसभेने साडेतीन तासांत सात विधेयके मंजूर केली. त्याच दिवशी लोकसभेने कामगारांच्या तीन संहिता मंजूर केल्या आणि दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, रिकाम्या बाकांसमोर राज्यसभेनेही त्या मंजूर करून टाकल्या. मग सभागृह मुदतीआधीच संस्थगित. संपाआधी नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या कायद्याने रेल्वे आणि टपालासारख्या सार्वजनिक उपयोगी सेवांवर होते. ते आता सगळ्याच उद्योगांवर आले. कामगार कपातीसाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या आहेत. दुसरे सभागृह घटनाकारांनी कशासाठी ठेवले? पहिल्याने घाई केली तर दुसऱ्याने थांबून पाहावे म्हणून. एका रात्रीच्या अंतराने कोण काय थांबून पाहणार?

नियमांत याला तोड नाही असे नाही. लोकसभेकडून आलेले विधेयक विचारार्थ घेण्याच्या सूचनेला दोन दिवसांचे अंतर राज्यसभेच्या नियमांतच आहे. पण सभापतींनी अन्यथा सांगितले तर ते अंतर लागू नाही. सरकारी कामाचा क्रम सभापती सभागृह नेत्याशी सल्लामसलत करून ठरवतात, म्हणजे चावी सरकारच्या खिशात. कोणत्या विधेयकाला किती तास, याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. तिथे विरोधी पक्षही बसतात, पण बाके रिकामी असतील तर त्या तासांचा उपयोग काय? आणि खाजगी सदस्यांचा हक्काचा वेळ म्हणजे शुक्रवारचे अडीच तास. अशा सदस्यांपैकी कोणाचेही विधेयक १९७० नंतर कायदा झालेले नाही. ग्रामीण डाक सेवकांचा नियमित नोकरीचा प्रश्न याच अडीच तासांच्या भरवशावर सोडायचा काय?

सरकारपक्षाचे उत्तर आम्हाला पाठ आहे: विरोधक गोंधळ घालतात, मग काम करायचे कसे? यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. २३ सप्टेंबरला जे सभागृहाबाहेर होते त्यांनीही कामगाराला वाऱ्यावर सोडले, आणि त्यांच्या झेंड्याचा रंग पाहून आम्ही हे झाकणार नाही. पण ब्लॉक सेक्शन मोकळा नाही म्हणून कोणी स्टेशनमास्तर सिग्नल न पाहता गाडी सोडत नाही. तो थांबतो. लाइन क्लिअर मिळेपर्यंत प्रवासी कितीही ओरडले तरी थांबतो. गोंधळ आहे ना? मग मतदान पुढे ढकला, विधेयक प्रवर समितीकडे पाठवा.

रेल्वे दुरुस्ती विधेयकात घाई नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९०५ चा रेल्वे बोर्डाचा कायदा १९८९ च्या रेल्वे कायद्यात मिसळणारे हे विधेयक लोकसभेने ११ डिसेंबर २०२४ ला मंजूर केले आणि राज्यसभेने १० मार्च २०२५ ला. मध्ये तीन महिने होते. तेवढ्या अवधीत समितीपुढे आपले म्हातारे ड्रायव्हर, गँगमन, पॉइंट्समन यांना बोलावता आले असते. विरोधकांनी समितीची मागणी केली, ती मान्य झाली नाही. २०१७ पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्पही उरलेला नाही, त्यामुळे वर्षातून एकदा रेल्वेवर सविस्तर बोलायची ठरलेली वेळही गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे. रेल्वे, टपाल आणि कामगारविषयक कोणतेही विधेयक समितीकडे गेल्याशिवाय राज्यसभेने विचारार्थ घेऊ नये आणि मान्यताप्राप्त फेडरेशनांची साक्ष तिथे झालीच पाहिजे. दोन सभागृहांतल्या मंजुरीत किमान एक आठवडा गेला पाहिजे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ जण जातात, राजस्थानातून १०. त्यांना आमदार निवडतात, आपण नाही, म्हणून ते आपल्याला विसरतात. आमदार मात्र आपल्याच मतांवर निवडून येतात. पुढील अधिवेशनाआधी प्रत्येक शाखेने आपापल्या राज्याच्या सदस्यांना ही मागणी लेखी पाठवावी आणि पोचपावती फायलीला लावावी. अधिवेशन चालू असताना पुढच्या आठवड्याच्या सरकारी कामकाजाचे निवेदन बहुधा शुक्रवारी होते. शनिवारी संध्याकाळी शाखेत ते एकाने मोठ्याने वाचून दाखवावे, आणि आपल्या कामाचे विधेयक त्यात असेल तर सोमवारच्या आत तार, पत्र, फोन, जे हाताशी असेल ते दिल्लीला जावे. तार बंद झाली २०१३ मध्ये, हे टपालातल्या साथींना सांगायला नको. पत्र अजून जाते.