अभय कोणाला?

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याच्या सुखवस्तू घरांत उत्तराखंडच्या सहलीचे बेत आखले जातात. रामनगरला उतरावे, कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात उघड्या जीपमधून हिंडावे आणि सालवृक्षांच्या सावलीत वाघ दिसलाच तर धन्यता मानावी, असा हा कार्यक्रम असतो. त्यात गैर काही नाही. निसर्गाची ओढ हा दोष नव्हे. मात्र अरण्य म्हणजे माणसे वजा जाता उरलेली भूमी, ही कल्पना अशा सहलीतून नकळत मनात रुजते. तिची परीक्षा व्हायला हवी.

हिमालयाच्या पायथ्याचे हे उद्यान १९३६ साली संयुक्त प्रांताच्या गव्हर्नराच्या नावाने, 'हेली नॅशनल पार्क' म्हणून स्थापन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी, फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. सारा, खंड आणि कर्ज यांच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडविणारा शेतीविषयक कार्यक्रम तेथे संमत झाला. परंतु फैजपूरच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरांतील पावरा आणि तडवी भिल्ल यांच्या वनभूमीवरील हक्कांना कायद्याची मान्यता मिळण्यास डिसेंबर २००६ उजाडावा लागला. मधली सत्तर वर्षे ते स्वतःच्या रानात सरकारदरबारी अतिक्रमकच राहिले.

यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. कॉर्बेटला जाणाऱ्या किती खान्देशी कुटुंबांनी पालच्या वाटेने हे रान पाहिले असेल? या रानाचा ताळेबंद मांडला तर त्यातील विषमता चटकन ध्यानात येते. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी पायथ्याच्या विहिरींना पाझरते आणि त्यावर यावल-रावेरच्या केळीबागा उभ्या राहतात. जंगल राखल्याचा लाभ असा दूरवर पोचतो. त्याचा खर्च मात्र डोंगरातल्याच माणसाच्या माथी बसतो. गुरे चारण्यावर बंधन येते, रानडुक्कर उभे पीक लोळवते, मोह आणि चारोळी वेचणाऱ्याला चोराची वागणूक मिळते. ज्याच्या पदरात खर्च तेवढा पडतो आणि निर्णयात ज्याला स्थान नसते, त्याने त्या व्यवस्थेचे रक्षण आस्थेने करावे ही अपेक्षा अर्थशास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही.

याचा अर्थ सातपुड्यात सारे आलबेल आहे असा नव्हे. नव्या तोडीने टेकड्या उघड्या पडतात आणि लाकडाच्या चोरट्या व्यापाराला स्थानिक हातही लागतात. पुरोगामी कार्यकर्त्याने याकडे डोळेझाक करू नये. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा घातली आहे. त्यानंतर केलेली तोड हा हक्क ठरत नाही. परंतु याच कायद्याने ग्रामसभेला वन व वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकारही दिला आहे. अतिसंरक्षित वन्यजीव अधिवास ठरवून लोकांना हलवावयाचे असेल, तर सहजीवन अशक्य असल्याचे आधी सिद्ध करावे लागते आणि ग्रामसभेची संमती घ्यावी लागते. असा अधिवास पुढे दुसऱ्या कामासाठी वळविण्यासही मनाई आहे. ही अट महत्त्वाची आहे, कारण कॉर्बेटची गवताळ कुरणे रामगंगेवरील धरणाने १९७०च्या दशकात पाण्याखाली घेतली. ती काही गुराख्याने बुडविली नव्हती.

सहजीवन हे स्वप्नरंजन नव्हे. कर्नाटकात बिळिगिरी रंगनच्या डोंगरांतील सोलिगांना २०११ साली व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच सामूहिक वनहक्क मिळाले. तेथील वाघ त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळविला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेच्या हाती आणला.

उलट, हक्काची नोंद राहून गेली की काय होते हे २०१९ साली दिसले. दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारीस दिला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्याला स्थगिती मिळाली, तरी मधले पंधरा दिवस देशभरातील लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार होती.

म्हणून खान्देशातील साथींचे काम स्पष्ट आहे. पाड्यापाड्यांवर जाऊन सामूहिक दावे तयार करावेत. नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा ठरतात, ते नोंदवून घ्यावेत. अभयारण्यातील प्रवेश शुल्काचा वाटा, पिकांची भरपाई आणि राखणीचा रोजगार यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवण्याची मागणी लावून धरावी. नवी तोड थांबविण्याचा ठराव त्याच ग्रामसभेने करावा, यासाठीही तितकाच आग्रह धरावा.

आणि ज्यांना वाघ पाहावयाचा आहे त्यांनी कॉर्बेटला अवश्य जावे. मात्र त्याआधी एकदा सातपुड्यातील पाड्यावर मुक्काम करून, ते रान आजवर कोणी राखले हे तेथील म्हाताऱ्यांना विचारावे.