डीपीसाठी जागा कोण ठेवणार?

उन्हाळ्यात लाईट गेली की मोहल्ल्यात पहिला सवाल एकच, "डीपी उडाली का?" यंदा ऐन परीक्षेत आमच्या भागात दोन रात्री हेच झालं. दहावीची मुलं मोबाईलच्या उजेडात वाचत बसली. वायरमन आला, म्हणाला, "सर, लोड वाढलाय. दुसरी डीपी मंजूरही होईल. पण ठेवायची कुठे?"

या 'कुठे'वर आपण बोलतच नाही. आपली चर्चा बिल आणि कंपनी यापुढे जात नाही. भिवंडीत २००७ पासून महावितरणने वितरणाचं काम फ्रँचायझी म्हणून टोरेंटला दिलं. मार्च २०२० पासून मुंब्रा-शीळ-कळवाही टोरेंटकडे आहे, तर मालेगाव सीईएससीच्या उपकंपनीकडे. या निर्णयांना विरोधही झाला. मीटर आणि बिलाची भांडणं खोटी नाहीत, पण कंपनी बदलली म्हणून गल्ली रुंद होत नाही.

आता हिशेब बघा. २०० केव्हीएची डीपी साधारण १६० ते १८० किलोवॅट भार घेते. दीड टनाचा एक एसी दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे शंभर एसी एकदम लागले तर बाकी घरांसाठी फारसं उरत नाही. एकमजली घराच्या जागी चार मजले उभे राहतात. बांधकामाची परवानगी (घेतली तर) पालिका देते, मीटर कंपनी देते, आणि डीपी जुनीच राहते. त्यात आपलंही एक आहेच, डीपी हवी पण माझ्या दारासमोर नको. भीती चुकीची नाही, लहान मुलं तिथेच खेळतात. म्हणून तर जागा आधी ठरायला हवी.

ती ठरते दुसऱ्या एका डीपीत. शहराच्या विकास आराखड्यालाही लोक डीपीच म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम २२ सांगतं की, या आराखड्यात पाणी, गटार यांच्यासोबत विजेच्या सुविधांसाठीही जागा दाखवता येते. किमान २० वर्षांतून एकदा तो सुधारावा लागतो आणि मसुदा निघाला की लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्या लागतात. तेव्हा आपण काय करतो? आपल्या घरावरून रस्त्याची रेघ गेली का, एवढंच पाहून परत येतो. खरं सांगायचं तर मागच्या वेळी मीही तेच केलं. उपकेंद्राचं आरक्षण कुठे आहे, आहे की नाही, हे बघायचं डोक्यातही आलं नाही. आणि मोकळी राहिलेली आरक्षित जागा आपल्याकडे किती दिवस मोकळी राहते, हे सर्वांना ठाऊक आहे.

परवा पालिकेच्या नगररचना विभागात अर्ज दिला. आमच्या वॉर्डात विजेच्या सुविधेसाठी जागा आरक्षित आहे का, असेल तर कोणत्या सर्व्हे नंबरवर, आणि आज तिथे काय उभं आहे, एवढंच विचारलंय. सोबत मोहल्ल्यातल्या अकरा जणांच्या सह्या आहेत.