तिकिटाचे पैसे परत मिळाले, दिवसाचे काय?

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील शिकागो शहरात, मिशिगन सरोवराच्या काठी पसरलेल्या ग्रँट पार्कमध्ये २२ जुलै २०१७ रोजी सकाळपासूनच तरुणांची, मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांची रीघ लागली होती. निमित्त होते ‘पोकेमॉन गो फेस्ट’चे. मोबाइल हातात धरून, प्रत्यक्ष रस्त्यांवरून हिंडत काल्पनिक प्राणी पकडण्याच्या या खेळाने वर्षभरापूर्वी जगाला वेड लावले होते. त्याच्या पहिल्या वाढदिवसाचा हा सोहळा. वीस डॉलरची तिकिटे विक्रीस येताच संपली होती आणि मागाहून ती कित्येक पट भावाने विकली गेली होती. कुणी दुसऱ्या राज्यातून विमानाने आले होते, कुणी परदेशातून. सुमारे वीस हजार लोक उद्यानात जमले आणि खेळ सुरूच झाला नाही.

प्रवेशद्वारावरील रांगा तासन् तास हलत नव्हत्या. जे आत पोहोचले त्यांचे मोबाइल निरुपयोगी ठरले. खेळ उघडेना, उघडला तर मध्येच बंद पडे. खेळाची निर्माती कंपनी नायँटिकचे प्रमुख जॉन हँक व्यासपीठावर आले, तेव्हा टाळ्यांऐवजी हुर्यो झाली. ‘आम्हाला खेळता येत नाही’ अशा घोषणा त्यांच्या तोंडावर दिल्या गेल्या. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार दोष दुहेरी होता. खेळाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी होत्या, आणि काही मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यांना एकाच ठिकाणी जमलेल्या एवढ्या गर्दीचा भार सोसवला नाही. पण दोष कुणाचा हा वाद तंत्रज्ञांचा. ज्याने तिकीट काढले, सुटी टाकली आणि प्रवास केला, त्याच्या लेखी दिवस वाया गेला, एवढेच सत्य होते.

या घटनेला आता अनेक वर्षे लोटली आहेत. तरीही ग्राहकाचा हिरमोड झाल्यावर आयोजकाने काय करावे, या प्रश्नाची चर्चा करताना शिकागोचे उदाहरण आजही उपयोगी पडते. कारण तेथे चूक जितक्या उघडपणे झाली, तितक्याच उघडपणे ती निस्तरण्याचा प्रयत्नही झाला. त्या प्रयत्नातून काय साधले आणि काय सुटून गेले, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

भरपाईचे तीन पदर

नायँटिकने चौकशी समिती नेमून वेळ काढला नाही. सोहळा सुरू असतानाच भरपाई जाहीर केली. पहिली गोष्ट, तिकिटाचे पूर्ण पैसे परत. दुसरी, प्रत्येक उपस्थिताच्या खात्यात शंभर डॉलर किमतीची ‘पोकेकॉइन’ म्हणजे खेळातील नाणी. तिसरी, ‘लुगिया’ हा तोवर कुणालाही न मिळालेला दुर्मीळ प्राणी सर्वांना भेट. शिवाय उद्यानापुरता मर्यादित असलेला खेळ भोवतालच्या दोन मैलांच्या परिसरात खुला करण्यात आला, जेणेकरून गर्दी पांगावी आणि लांबून आलेल्यांना रविवारी तरी खेळता यावे.

वरवर पाहता ही भरपाई सढळ होती. वीस डॉलर देणाऱ्याला वीस डॉलर परत आणि वर शंभराची नाणी. मात्र हिशेब थोडा बारकाईने मांडला की चित्र बदलते. वीस हजार तिकिटांचे पैसे म्हणजे सुमारे चार लाख डॉलर. ही कंपनीच्या तिजोरीतून खरोखर बाहेर जाणारी रक्कम. नाण्यांचे मूल्य मात्र कागदावर वीस लाख डॉलर भरते आणि ती निर्माण करण्याचा खर्च जवळपास शून्य असतो. फार तर ज्या ग्राहकांनी ती नाणी एरवी विकत घेतली असती, तेवढ्या विक्रीवर कंपनीला पाणी सोडावे लागते. म्हणजे भरपाईतील जो भाग ग्राहकाला सर्वांत मोठा दिसत होता, तोच कंपनीला सर्वांत स्वस्त पडत होता. शिवाय ही नाणी बाजारात चालत नाहीत. ती खर्च करायची तर ज्या खेळाने निराश केले, त्याच खेळाकडे परत जावे लागते. एखाद्या खानावळीत जेवण बिघडावे आणि मालकाने पुढच्या दहा जेवणांची कुपने हाती ठेवावीत, त्यातलाच हा प्रकार. कुपने फुकट असली, तरी ग्राहकाला पुन्हा त्याच पंगतीला बसवणारी.

लुगियाच्या भेटीचेही तसेच. दुर्मीळ वस्तूचे मोल ती इतरांपाशी नसण्यात असते. त्याच आठवड्याच्या शेवटी हा प्राणी जगभरातील खेळाडूंना पकडण्यासाठी खुला झाला. शिकागोला गेलेल्यांना तो सर्वांआधी आणि विनासायास मिळाला हे खरे, परंतु ‘आम्ही तेथे होतो’ या मिरवण्यातला बराचसा अर्थ काही दिवसांतच ओसरला.

असे असले तरी या भरपाईला निव्वळ धूळफेक म्हणणे अन्यायाचे ठरेल. कंपनीने पैसे परत देण्यासाठी कुणाला अर्जविनंत्या करायला लावल्या नाहीत, तिकिटामागच्या बारीक अक्षरांतील अटींकडे बोट दाखवले नाही आणि कुणाला किती वेळ खेळता आले याची चिकित्साही केली नाही. सरसकट सर्वांना पैसे परत, ही घोषणा काही तासांत झाली. संतापलेल्या गर्दीपुढे स्वतः कंपनीचा प्रमुख उभा राहिला. ग्राहकाच्या रागाची धार बोथट करण्यात रकमेइतकाच या तत्परतेचाही वाटा असतो.

खरा खर्च कोणता?

तरीही प्रश्न न्यायालयात गेलाच. आठवड्याभरातच शिकागो येथे नायँटिकविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. दावेदारांचे म्हणणे साधे होते. तिकीट वीस डॉलरचे होते, पण ते वापरण्यासाठी विमानभाडे, हॉटेलचे बिल, गाडीचे भाडे आणि पार्किंगचे पैसे मोजावे लागले. ते कोण देणार?

येथेच या प्रकरणाचा गाभा आहे. विक्रेता भरपाईचा विचार आपण घेतलेल्या किमतीपासून सुरू करतो. ग्राहक मात्र आपण मोजलेल्या एकूण किमतीपासून सुरू करतो. या दोन आकड्यांत अनेकदा जमीन-अस्मानाचे अंतर असते. घरी मागवलेली वस्तू सदोष निघाली, तर ती परत करून पैसे घेता येतात आणि व्यवहार मिटतो. सोहळ्याचे तसे नसते. तेथे तिकीट हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असू शकतो, आणि गेलेला दिवस तर कुठल्याच दुकानात परत मिळत नाही.

मार्च २०१८ च्या अखेरीस या दाव्यातील तडजोडीचा तपशील पुढे आला. नायँटिकने १५ लाख ७५ हजार डॉलर देण्याचे मान्य केले. विमानप्रवास, हॉटेल, भाड्याची गाडी, पार्किंग, टोल अशा खर्चाची मागणी उपस्थितांना करता येणार होती. १०७ डॉलरहून अधिक मागणाऱ्यांना पावत्या जोडणे आवश्यक होते. उरलेली रक्कम कंपनीकडे परत न जाता धर्मादाय संस्थांना द्यावयाची होती. ही अट महत्त्वाची. अन्यथा लोकांनी दावे करू नयेत यातच कंपनीचा लाभ ठरला असता.

ही रक्कम वीस हजारांत सरळ विभागली, तर माणशी जेमतेम ७९ डॉलर येतात. पण ती समान वाटायची नव्हती. ज्याचा खर्च अधिक, त्याला अधिक, हे तत्त्व त्यात होते. शिकागोतच राहणारा आणि समुद्रापलीकडून आलेला, या दोघांचे नुकसान सारखे नसते, हे सरसकट वाटलेल्या नाण्यांना कळले नव्हते. पावत्यांना ते कळले.

एकाच वर्षातील दोन उत्सव

त्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, बहामा बेटांवर ‘फायर फेस्टिव्हल’ नावाच्या संगीत महोत्सवाचा बोजवारा उडाला होता. आलिशान निवासाच्या आमिषाने हजारो डॉलर मोजून गेलेल्यांना तेथे तंबू आणि गैरसोयच दिसली. आयोजक बिली मॅकफार्लंड याला फसवणुकीच्या आरोपांखाली ऑक्टोबर २०१८ मध्ये सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. एप्रिल २०२१ मध्ये २७७ तिकीटधारकांना प्रत्येकी ७,२२० डॉलर देण्याची तडजोड झाली खरी, परंतु प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम दिवाळखोरीच्या प्रक्रियेवर अवलंबून होती.

कागदावरचा आकडा पाहिला, तर फायरचे ग्राहक शिकागोवाल्यांपेक्षा कितीतरी भाग्यवान ठरतात. वास्तव उलटे आहे. जो आयोजक उद्याही बाजारात उभा राहणार आहे, ज्याला त्याच ग्राहकांना पुढच्या वर्षी तिकीट विकायचे आहे, त्याची वीस डॉलरची परतफेड दिवाळखोराच्या सात हजारांच्या आश्वासनापेक्षा अधिक भरवशाची असते.

आपल्याकडे काय?

या साऱ्याचा भारतीय वाचकाशी संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही. पोकेमॉन गो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे भारतात आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महागडी तिकिटे काढून मोठ्या सोहळ्यांना जाण्याची सवय शहरी मध्यमवर्गात आता रुजली आहे. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्यात लिओनेल मेसीला पाहण्यासाठी हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांना मान्यवरांच्या कोंडाळ्यामुळे तो नीट दिसलाही नाही. तो लवकर निघून गेल्यावर मैदानात बाटल्या आणि खुर्च्या भिरकावल्या गेल्या. आयोजकाला अटक झाली आणि तिकिटांचे पैसे परत करण्याचे आश्वासन देण्यात आले. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मात्र त्याच दौऱ्याचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. नियोजन अशक्य नसते, याचा हा दाखलाच.

अशा प्रसंगी ग्राहकाच्या हाती कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. सेवेतील त्रुटी ही त्यात तक्रारीचे कारण मानली आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याचीही सोय आहे. म्हणजे शिकागोतील दाव्यासारखी वाट आपल्याकडेही आहे. अडचण वाटेची नाही, चालणाऱ्यांची आहे. दोन-तीन हजारांच्या तिकिटासाठी आयोगाचे खेटे कोण घालणार, असा विचार करून बहुतेक जण गप्प बसतात आणि आयोजकांचा हिशेब याच मौनावर बेतलेला असतो. म्हणूनच प्रवासाच्या आणि निवासाच्या पावत्या जपून ठेवणे ही साधी गोष्ट महत्त्वाची ठरते. नुकसान झाले हे सांगणे सोपे, किती झाले हे दाखवणे कठीण.

खरे प्रायश्चित्त

पैसे आणि नाणी यांपलीकडे नायँटिकने आणखी दोन गोष्टी केल्या आणि त्यांची चर्चा तुलनेने कमी झाली. ऑगस्टमध्ये कोपनहेगन, प्राग, स्टॉकहोम आणि अ‍ॅमस्टरडॅम येथे ठरलेले कार्यक्रम कंपनीने पुढे ढकलले. तयारी नसताना तीच चूक चार शहरांत करण्यापेक्षा आधीच थांबणे तिने पसंत केले. पुढच्या वर्षी, १४ आणि १५ जुलै २०१८ रोजी, कंपनी पुन्हा शिकागोतच गेली. या वेळी स्थळ होते लिंकन पार्क. सोहळा एकाऐवजी दोन दिवसांचा केला, खेळाडूंना एका मैदानात कोंबण्याऐवजी लांबलचक पायवाटेवर पसरवले. तो सोहळा पार पडला. २०१९ च्या जूनमध्ये तर चार दिवसांसाठी पुन्हा ग्रँट पार्कच निवडले गेले, जेथे दोन वर्षांपूर्वी हुर्यो झाली होती.

पुढे २०२५ मध्ये नायँटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरच्या व्यवहारात स्कोपली या कंपनीला विकला. पहिल्याच सोहळ्यात एवढी नाचक्की झालेल्या खेळाला आठ वर्षांनंतरही हे मोल यावे, यामागे अनेक कारणे असतील. त्यांपैकी एक निश्चितच असे, की चिडलेला ग्राहक कंपनीने गमावू दिला नाही.

पैसे परत करणे ही भरपाईची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. ग्राहकाने मोजलेली संपूर्ण किंमत मान्य करणे ही दुसरी आणि ती चूक पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था उभी करणे ही तिसरी. शिकागोत पहिली पायरी कंपनी स्वतःहून चढली, दुसरीसाठी तिला न्यायालयाची वाट धरावी लागली आणि तिसरी तिने व्यवसायाची गरज म्हणून गाठली. आपल्याकडचे बहुतेक आयोजक पहिल्याच पायरीपाशी अडखळतात. त्यांना वर ढकलण्याचे काम अखेर तिकीट काढणाऱ्यालाच करावे लागणार आहे.