आजीचं माहेर कागदावर हवं

माझी उभी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. वारस नोंदीच्या प्रकरणांना जोडलेल्या वंशावळी रोज हाताखालून जात. त्यामुळे एडिंबराला लेकीकडे गेले, तेव्हा जावयाच्या घराण्याचा माग काढायला मीच हौसेने बसले.

स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद 1 जानेवारी 1855 पासून सक्तीची झाली. त्याआधीचं सगळं गावोगावच्या चर्चच्या वह्यांत. सर्वांत जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, 1553 पासूनची. आता या वह्या सरकारी अभिलेखागाराकडे आहेत. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरले की पान समोर येतं. मात्र नोंदी सलग नाहीत. 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, म्हणून पुष्कळांनी नोंद करणंच टाळलं. मृत्यूची वही तर कित्येक गावांनी ठेवलीच नाही. शवपेटीवर पांघरायचं कापड चर्च भाड्याने देई. त्या भाड्याच्या जमेवरून माणूस कधी गेला ते ताडायचं.

माझी नजर अडकली ती बायकांच्या नावांवर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा बापाबरोबर आईही असते, माहेरच्या आडनावासकट. पुढे मृत्यूच्या दाखल्यात आणि थडग्यावरही बहुतेकदा तेच आडनाव. जावयाच्या पिढ्या आम्हाला त्याच धाग्याने सापडत गेल्या.

फाइफमधल्या एका मोलकरणीपाशी मात्र गाडी अडली. मुलाच्या नोंदीत बापाचं नाव नव्हतं. ते मिळालं ‘कर्क सेशन’च्या, म्हणजे चर्चच्या पंचांच्या इतिवृत्तात. लग्नाआधी मूल झालेल्या मुलीला हे पंच बोलावत, बाप कोण ते वदवून घेत, भर प्रार्थनेत सर्वांसमोर उभं करत. हे वंशवृक्षात घालावं का, असं विहीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, घालाच. पंचांनी लिहिलं ते तिची मान खाली घालायला; तरी तिचा जबाब उरला तो त्याच वहीत. आता तिला आपणच गाळलं, तर पंचांचं राहिलेलं काम आपण पुरं केल्यासारखं होईल.

आपल्याकडच्या वंशावळींत लेकी वारस म्हणून येऊ लागल्या, पण आजी-पणजी अजून ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावरच संपते. लग्नात नावही बदललेलं असेल, तर तिचं माहेर शोधायला सोयऱ्यांतल्या म्हाताऱ्यांची आठवण हाच पुरावा. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांआधी आईचं नाव लिहिणं महाराष्ट्राने बंधनकारक केलं, ते चांगलंच झालं. आता वारस नोंदीच्या वंशावळीत प्रत्येक सुनेचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव लिहिण्यासाठी एक रकाना वाढवावा. खर्च शाईचा तेवढा.