शहराच्या फोटोत आपली चाळ कुठे आहे?

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत तारोडी नावाचे एक गाव आहे, हे मुंबईतल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. उत्तन, डोंगरी, तारोडी हा टापू शहराच्या पश्चिम टोकाचा. डोंगर, तिवरे आणि समुद्र यांच्यात वसलेला. या टापूला लागून गोराईच्या बाजूला जागतिक विपश्यना पॅगोडा उभा राहिला. 8 फेब्रुवारी 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आपला समाज इकडे येऊ लागला. सुमारे 325 फूट उंचीची वास्तू, आत एकही खांब नसलेला दगडी घुमट आणि त्याखाली हजारो माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. हे पाहून कोणाची छाती अभिमानाने भरून येणार नाही?

माणसे येतात, पॅगोडा पाहतात, मोबाईल काढतात आणि फोटो घेतात. मग पूर्वेकडे वळतात. तिवरांच्या पलीकडे भाईंदर, मीरा रोडच्या इमारतींची रांग आकाशाला टेकलेली दिसते. तिचाही फोटो निघतो. 2001 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये ती आठ लाखांवर गेली. शहर असे वाढले की त्याची स्कायलाइन म्हणजे आकाशावर उमटलेली इमारतींची रेघही वाढतेच. प्रवासाला निघालेल्या हौशी माणसाला या रेघेचा मोह पडतो, त्यात गैर काहीच नाही. एकेकाळी कॅमेरा ही पैसेवाल्यांची चीज होती. आपल्या घरात फोटो म्हणजे लग्नाचा, नाहीतर स्टुडिओत पडद्यासमोर ताठ उभे राहून काढलेला. आज मजुराच्या पोराच्या खिशातही कॅमेरा आहे. ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न असा आहे की, या कॅमेऱ्यात येते काय आणि सुटते काय?

तारोडीच्या बाजूने टॉवरांचा फोटो काढणाऱ्याने एकदा मागे वळून पाहावे. ज्या शहराची रेघ त्याने टिपली, त्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर आणून टाकला जातो. त्याची दुर्गंधी, तिथे लागणाऱ्या आगींचा धूर इथल्या गावकऱ्यांनी सोसला, त्यासाठी आंदोलने केली. टॉवर समोर आणि कचरा पाठीमागे! फोटोत टॉवर येतो, कचरा येत नाही; आणि तो कचरा उचलणारा तर मुळीच येत नाही. तो कोण आहे, कोणत्या समाजाचा आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मुंबईतही हेच चालते. बाहेरगावाहून आलेला माणूस मरीन ड्राईव्हचा फोटो काढतो, सी लिंकवरून वरळीच्या टॉवरांचा काढतो. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटले, तेव्हापासून फोर्टातल्या दगडी कमानींचे फोटो अधिकच निघू लागले. पण त्याच फोर्टात बाबासाहेबांनी उभारलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे, तिकडे कॅमेरा वळतो काय? वरळीच्या टॉवरांमागे बीडीडी चाळी आहेत, त्या किती जणांनी टिपल्या?

1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन मजले, 160 चौरस फुटांची खोली, त्यात दोन दोन पिढ्यांचे संसार. 5 जानेवारी 1974 रोजी याच वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. या चाळींच्या जिन्यांनी चळवळ पाहिली आहे. आता त्या जागी टॉवर उभे राहत आहेत. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 फुटांतून 500 फुटांत जाणाऱ्या माणसाचा आनंद आम्ही जाणतो. चाळ जपण्यासाठी माणसाने गळक्या छताखाली राहावे, असे म्हणणारे आम्ही नव्हे. पण उद्या त्याच टॉवरांचा फोटो निघेल, तेव्हा इथे काय होते हे कोण सांगणार?

येथे बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे 792 फूट उंचीच्या वूलवर्थ इमारतीचे उद्घाटन झाले होते. जगातली तेव्हाची सर्वांत उंच इमारत! त्या शहरात शिकून हा महामानव परतला तो परळच्या बीआयटी चाळीत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथूनच बहिष्कृतांच्या चळवळीची सूत्रे हलली. सांगा, उंची कशाने मोजायची? फुटांनी की कार्याने? परळला उतरून त्या चाळीचा एक फोटो काढायला किती वेळ लागतो?

आणि वेळ कोणासाठी थांबत नाही. 25 जून 2016 रोजी पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त करण्यात आला. समाज रस्त्यावर उतरला, निषेध झाले. पण त्या भवनासमोरून वर्षानुवर्षे गेलेल्या लाखो माणसांपैकी किती जणांकडे त्याच्या दाराचा, छापखान्याच्या भिंतीचा फोटो होता? इमारत पाडता येते. तारीख-ठिकाणासह जपलेला फोटो पाडता येत नाही. तो पुरावा असतो.

फोटोने काय होते, असे विचारणाऱ्यांना न्यूयॉर्कचेच उदाहरण देतो. जेकब रीस हा तिथला पत्रकार. स्वतःच फोटो काढायला शिकला आणि उंच इमारतींचे शहर सोडून गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरला. 1890 मध्ये त्याचे पुस्तक आले, गदारोळ झाला आणि मलबेरी बेंडची ती बदनाम वस्ती हटवून 1897 मध्ये तिथे बाग झाली. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी शहरासमोर उभा केला. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई या माणसाच्या खांद्यावर उभी आहे, हे त्या फोटोंनी न बोलता सांगितले.

मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. वस्ती म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. परदेशी पाहुणे धारावीत येतात आणि उघड्या नाल्याचे, नागड्या पोराचे फोटो घेऊन जातात, त्याचा आपल्याला संताप येतो. मग आपणही दुसऱ्याच्या दारात तसे वागू नये. आधी माणसाशी बोलावे, विचारावे, नाही म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. गरिबीचा फोटो काढणे सोपे आहे, गरिबाच्या सन्मानाचा फोटो काढायला थोडे थांबावे लागते.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. पॅगोड्याला या, चैत्यभूमीला या, दीक्षाभूमीला जा, जिथे जाल तिथे फोटो जरूर काढा. पण टॉवरांच्या रेघेसोबत त्याखालची चाळ, बुद्ध विहार, वाचनालय, झेंड्याचा चौक, नाका कामगार यांनाही त्यात जागा द्या. फोटोमागे तारीख लिहा, ठिकाण लिहा. गावच्या विहारात त्याची एक प्रत ठेवा. मोबाईल बिघडला की हजार फोटो जातात. कागदावरचा एक फोटो नातवापर्यंत पोहोचतो. आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, ही तक्रार आपण फार वर्षे केली. आता कॅमेरा आपल्याच हातात आहे, त्यातूनही आपली वस्ती सुटली तर जाब कोणाला विचारणार?