‘येईल पुढच्या महिन्यात’ म्हणत थांबू नका

तरुण मुलामुलींना गर्भनिरोधनाची माहिती दिली की ती बिघडतात, हा आक्षेप आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलं. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी सुटली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, तेव्हाही सूर तोच होता.

आईबापांची काळजी खोटी नाही. मुलीला कोणी फसवेल, तिचं शिक्षण अर्धवट राहील, ही भीती मी समजू शकते. पण गप्प बसणं हा त्यावरचा उपाय, हे मला साफ चूक वाटतं. न सांगितल्याने संबंध थांबत नाहीत. मुली विचारायच्या तेवढ्या थांबतात, आणि त्यात हातचे दिवस जातात.

हे दिवस किती महागात पडतात ते बघा. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे दिवस राहिले असतील, तर पाळी चुकते त्या दिवशीच जवळपास चार आठवडे भरलेले असतात. ‘येईल पुढच्या महिन्यात’ म्हणून मुलगी थांबली की आठ होतात. नुसत्या गोळ्यांनी गर्भपात करायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो. त्या महिन्यात ती कच्ची पपई खाते, तीळ-गूळ खाते, ओव्याचा काढा पिते. त्यातल्या कशाचाच भरवसा नाही. आठवडे मात्र पुढे सरकतात.

‘दुकानात गोळी मिळतेच की, वेगळं काय सांगायचं?’ असंही म्हटलं जातं. इमर्जन्सी पिल २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, हे चांगलंच झालं. पण ती घेतली कशी जाते? बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत मुलगा काउंटरच्या कडेला उभा राहतो, नाव पुटपुटतो, दुकानदार पाकीट कागदात गुंडाळून सरकवतो. दोघांनाही ते झटपट उरकायचं असतं. त्या घाईत कोण सांगणार, की गोळी ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर घ्यायची? ती बीजांड बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ काढत नाही, म्हणून पाळी चुकल्यावर घेऊन काहीच उपयोग नाही. तिच्यामुळे पाळी आठवडाभर मागेपुढेही होते, आणि नेमकं त्यानेच पोरं आणखी घाबरतात. नेहमीच्या वापराला निरोध, किंवा डॉक्टरांना विचारून रोजच्या गोळ्याच हव्यात.

पाळी लांबली म्हणजे दिवस गेलेच, असंही नाही. परीक्षेचा ताण, एकदम उतरलेलं वजन, थायरॉइड, पीसीओडी, कारणं पुष्कळ असतात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा गर्भचाचणीचं किट आणावं. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकले की काही मिनिटांत उत्तर मिळतं. दुसरी रेघ फिकट आली तरी ती धरायची. एकच रेघ आली आणि पाळीचा पत्ता नसला, तर आठवड्याने पुन्हा बघायचं. पाळी मुळातच अनियमित असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. एका बाजूला पोटात कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘लग्न झालंय का?’ डॉक्टरांना विचारायचं असतं ते संबंधांबद्दल. मुलगी ‘नाही’ म्हणते, खरंच सांगते, आणि विचारायला हवं ते राहूनच जातं. डॉक्टरमंडळींनी हा प्रश्न सोडून द्यावा. गर्भपाताच्या कायद्यालाही लग्नाचा दाखला लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. सज्ञान मुलीची स्वतःची संमती पुरते, तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

अठराच्या आतल्या मुलीला मात्र पालकाची लेखी संमती लागते. म्हणून आईबापांना कळकळीची विनंती आहे: ती सांगायला आली तर आधी ओरडू नका. शेवटची पाळी कधी आली होती ते विचारा आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.